तीन वटवाघळांचा फरक

वेल्टाने कॉम्प्युटर आणला तो लोकरीच्या शालीत गुंडाळून.
बाहेर लिएपायाचा वारा दुकानाची पाटी हलवत होता.
म्हणाली, "एकाच डिस्कचे दोन भाग आहेत.
पहिला नको. काढून टाक.
पण त्यातलं काही सांडायला नको."

म्हणजे मडकं फोड, पण ताक राहू दे.
रोजच कुणीतरी सांगतं मला असं.
विचारलं, भाग कुणी पाडले?
"ओयार्सने."
एवढंच.

पुढचं मी फोल्डरांच्या नावांवरून वाचलं
आणि थोडं तिच्या गप्प बसण्यावरून.
समुद्रकाठच्या लाकडी चौकीत दोघं रात्रभर बसत,
दक्षिणेला निघालेली वटवाघळं मोजत.
तो डोळ्यांनी, दिव्याच्या झोतात.
ती कानांनी, यंत्रातून,
माणसाला न ऐकू येणारी चीत्कार दहापट सावकाश करून.
अकराव्या वर्षी, तीन सप्टेंबरच्या रात्री,
त्याने लिहिलं चारशे बारा,
तिने चारशे नऊ.
दुसऱ्या दिवशी त्याने डिस्कवर रेघ मारली.
D त्याचा, E तिचा.
चूल वेगळी झाली, कॉम्प्युटर एकच राहिला.

आता तो आयर्लंडमध्ये अळंब्यांची खोकी भरतो
आणि तिचा E काठोकाठ आलाय.
आवाज फार जागा खातो.
आकड्यांना काय लागतं?
त्याच्या D मध्ये नुसतं घुमतंय.

आधी दोन्ही भागांची नक्कल केली, वेगळ्या डिस्कवर.
नक्कल उघडून पाहिली.
फाइली मोजल्या. पुन्हा मोजल्या.
वेल्टा म्हणाली, "तूही मोजणाऱ्यांतलीच."

मग D पुसला.
खरं तर पुसलं जात नाही काही,
दारावरची नावाची पाटी तेवढी काढतात;
आत सामान जिथल्या तिथे,
नवं बिऱ्हाड येऊन त्यावर अंथरूण टाकेपर्यंत.
पडद्यावर एक काळी पट्टी उरली,
कुणालाच न दिलेली जागा.
ती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

गोची पुढे होती.
रिकामी जागा E च्या डावीकडे.
उजवीकडे असती तर पाय पसरले की झालं;
डावीकडे म्हणजे सगळा संसार उचलून
कणाकणाने सरकायचं,
आणि मध्येच वीज गेली तर
अर्धं इकडे, अर्धं तिकडे, पत्ता कशालाच नाही.
"नक्कल आहे ना?"
"आहे."
"किती वेळ?"
"पहाटेपर्यंत."
तिने कोट काढला, थर्मास उघडला.

लिंडनच्या फुलांचा चहा, राईचा पाव, चीज.
अठ्ठावीस टक्क्यांवर दिवे मिचकावले.
बॅटरी किंचाळली.
आम्ही दोघींनी एकदम मशीनवर हात ठेवले,
जसा काही त्याचा उपयोग होता.
दिवे आले.
नंतर तिने माझ्या लॅपटॉपवर नकलेतला एक आवाज लावला:
टप, टप, टपटप,
गळक्या नळासारखा.
"आठ ग्रॅम वजन," ती म्हणाली,
"आणि समोर सबंध समुद्र."

पाच वाजून वीस मिनिटांनी रेघ गेली.
मग ओयार्सचं फोल्डर आत घेताना मशीन अडलं:
याच नावाची फाइल इथे आहे. बदलायची?
तीन सप्टेंबर.
माझं बोट थांबलं.
वेल्टाने चष्मा लावला, वाचलं, काढला.
"दोन्ही ठेव."
मशीनने त्याच्या नावापुढे कंसात दोन लिहिलं.

दारात, शालीची गाठ मारताना, म्हणाली,
"त्या रात्री भुरभुर पाऊस होता.
पावसात नीट ऐकू येत नाही."
सुटे पैसे घ्यायला थांबली नाही.

टेबलावर नकलेची डिस्क राहिलीय,
तिच्यात D अजून D आहे, E अजून E.
गिऱ्हाइकाच्या नकला मी आठवड्याने पुसते.
ही नोव्हेंबर आला तरी पुसलेली नाही.